दोनदा वाजवलं तरच थांबायचं

८ जानेवारी

एकतीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं. आज स्वतःच्या चार ओळी लिहायला बसले तर पेन पुढे सरकेना. समोर कोणी बोलत नसलं की माझा हात चालत नाही, असं दिसतंय.

पण आज लिहिण्यासारखं घडलंय. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं मी आणि ताई एकमेकींची तोंडं बघत बसलो होतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून माझ्याकडेच असते आणि खुर्चीत बसून सगळ्या जगाला नावं ठेवते. तर आता मला काम मिळालंय! एक मोठे लेखक आहेत. मी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही आणि ते त्यांना सांगितलेलंही नाही. त्यांच्या उजव्या हाताला सारख्या मुंग्या येतात, पेन धरवत नाही. "पन्नास वर्षं राबवली ही बोटं, आता संपावर गेली," म्हणाले. त्यांनी कादंबरी तोंडी सांगायची, मी शॉर्टहँडमध्ये घ्यायची, घरी येऊन टाइप करायची आणि दुसऱ्या दिवशी पानं न्यायची. रोज दहा ते साडेबारा.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोलीत एक जाडजूड टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. तळमजल्यावर त्यांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. बाई हसतमुख, तोंडात टाचण्या धरून बोलतात. "काही लागलं तर जिन्यातून हाक मारा, मी एका मिनिटात वर." त्यांना मी वहिनी म्हणायचं ठरवलंय. लेखकांना तोंडावर सर, आणि इथे वहीत महाराज, कारण खुर्चीत बसतात तसेच.

९ जानेवारी

आज नुसतंच समजावणं झालं. महाराजांच्या कादंबरीत म्हणे काही घडतच नाही. एक म्हातारा घड्याळजी खुर्चीत बसलाय, बायको बाजारात गेलीय, ती परत येईपर्यंत त्याच्या डोक्यात जे जे येतं ते सगळं, बस्स. याला संज्ञाप्रवाह म्हणतात.

"तुमच्या मनात एक विचार चालू असतो," ते म्हणाले, "त्यात दुसरा घुसतो, पायाला खाज सुटते, चाळीस वर्षांपूर्वीचा अपमान आठवतो, मग भाजी काय करायची, मग परत पहिला विचार. तो सगळा गोंधळ जसाच्या तसा कागदावर आला पाहिजे. 'घड्याळजी म्हणाला', 'त्याला वाटलं', असली मध्यस्थी नको. लेखकाने मध्ये उभंच राहायचं नाही."

"म्हणजे बडबड," मी म्हटलं.

"बडबडच. पण कोणाला ऐकू न जाणारी."

मग नियम ठरला. "मी बोलत असताना मी नसतो, घड्याळजी असतो. तो थांबा म्हणेल, मेलो म्हणेल, शिव्या देईल, तुम्हाला उठा म्हणेल. तुम्ही थांबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, वर बघायचंसुद्धा नाही. मला स्वतःला थांबायचं असलं तर मी टेबल दोनदा वाजवीन." आणि उजव्या हातातली अंगठी टेबलावर आपटून ठक ठक करून दाखवलं.

हा नियम ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. कोर्टात हेच तर होतं. साक्षीदार ढसाढसा रडला तरी 'रडला' असं लिहायचं नाही, न्यायाधीशांनी सांगितल्याशिवाय. एकदा एक बाई साक्ष देता देता चक्कर येऊन कोसळली, तर मी तिचं अर्धवट वाक्य आधी उतरवलं आणि मग मान वर केली. साहेबांनी नंतर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

२१ जानेवारी

हात बसला. मिनिटाला शंभर शब्द आले तरी घाम फुटत नाही. कोर्टाच्या सवयीने प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ घालते. महाराज हसतात, पण खोडायला सांगत नाहीत.

आज फजिती झाली. बोलता बोलता म्हणाले, "दूध जळतंय, कोणीतरी दूध ठेवून विसरलंय." मी नियम मोडून तिरक्या डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅस बंद, ओटा कोरडा ठणठणीत. मग डोक्यात प्रकाश पडला, अगं वेडे, हे घड्याळजीचं दूध! त्याची बायको ठेवून बाजारात गेली असणार. काय पण माणूस आहे, सांगताना नाक मुरडून बसला होता, खरोखर वास आल्यासारखा.

संध्याकाळी ताईला पानं वाचून दाखवली. "या माणसाला झोप मिळत नाही का गं नीट?" एवढंच म्हणाली.

४ फेब्रुवारी

दूध आता आठवड्यातून तीन-चारदा तरी जळतं. मी वाटच बघत असते.

हल्ली घड्याळजीचे शब्दही मजेदार व्हायला लागलेत. चष्म्याला म्हणाला 'नाकावरची खिडकी', किल्लीला 'ती दातांची'. मी आज पानं परत वाचून दाखवताना विचारलं, "सर, हे असंच ठेवायचं ना?"

"मी 'दातांची' म्हणालो?"

"हो. तीनदा. वहीत आहे." मी वही पुढे केली, जसं काही त्यांना माझं शॉर्टहँड वाचता येतं.

त्यांनी त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू द्या. छान आहे." आणि आजचं काम तिथेच संपवलं. मोठे लोक स्वतःच्याच शब्दांनी असे हलून जातात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाकी विसरभोळे मात्र पक्के. उजव्या बाजूला ठेवलेला चहा गार होऊन साय धरतो. डावीकडे सरकवला की, "अरे, चहा कधी आला?"

१९ फेब्रुवारी

प्रकाशक येऊन गेले. गोल चेहऱ्याचा, सारखा घाम पुसणारा माणूस. एकशे दहा पानं तिथेच बसून वाचली आणि उठून महाराजांचे दोन्ही हात धरले. "ती जळक्या दुधाची प्रतिमा! दर वेळी येते आणि दर वेळी नवी वाटते. वाचणाऱ्याला वास येतो हो!" महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मलाही येतो." आम्ही सगळे हसलो.

पुस्तकात सुरुवातीला माझे आभार छापणार आहेत. ताईला सांगितलं तर म्हणते, नावानिशी का? बघू म्हटलं.

खाली उतरताना वहिनींनी थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या, म्हणजे बोलणं गंभीर. "वर कसे असतात हो हे? जेवताना हल्ली बोलतच नाहीत. भाजीचं नाव आठवत बसतात. म्हटलं, दोन महिने बंद ठेवूया का हे पुस्तक, तपासून घेऊया एकदा."

दोन महिने! मी फटकन म्हणाले, "छे हो वहिनी, ते कादंबरीत आहेत. सगळे शब्द तिकडे खर्च होतात, घरी उरणार कुठून?" त्या हसल्या. बरं वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं. खोटं नाही बोलले मी. पण एवढ्या घाईने का बोलले, ते जिना उतरून रस्त्यावर आल्यावरही कळेना.

२ मार्च

ताईशी कडाक्याचं भांडण. काल तिला परवाची पानं ऐकवली आणि ही बया म्हणते, "हा घड्याळजी-बिड्याळजी काही नाही. हा माणूस आजारी आहे. डॉक्टरला दाखवा त्याला."

"तुला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं. "याला संज्ञाप्रवाह म्हणतात."

"म्हणोत बापडे. आपले बाबा जायच्या आधी पंधरा दिवस हेच करत होते, त्याला आपण वात म्हणत होतो."

तेव्हापासून अबोला. स्वयंपाक मी करते, ती जेवते, ताट सरकवते.

लिहायचं नव्हतं पण लिहिते. आज साडेबाराला मी वही मिटली, पेन्सिली डब्यात घातल्या, आणि मग महाराज म्हणाले, "बाई, कधी कधी मला कळतच नाही, कुठलं त्याचं आणि कुठलं माझं. भीती वाटते." वही मिटलेली होती, म्हणजे हे त्यांचं स्वतःचं बोलणं. मी म्हणाले, "तेच तर तंत्र ना सर?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. "बरोबर. तुम्ही तयार झालात."

दिवसभर ते 'तयार झालात' आठवून खूश होते. आता संध्याकाळी एवढी खूश नाही.

१३ मार्च

आजचा दिवस सोन्याचा! अडीच तासांत नऊ पानं. कधी नाही ते महाराज एकदाही अडखळले नाहीत, म्हणजे अडखळले, पण अडखळणंही त्यातच मिसळून गेलं. आत्ता पाच वाजता टाइप करून उठले. शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते:

'ती अजून येत नाही पिशवी निळी नेली की ती दुसरी दूध पुन्हा जळतंय कोणी बंद करत नाही आणि घड्याळाचा अर्धा भाग कोणी नेला बारापासून सहापर्यंत काहीच नाही सहा ते बारा आहे डावं आहे उजवं कोणीतरी पुसलं थांबा बाई थांबा हा हात कोणाचा टेबलावर ठेवलाय कोणीतरी हात विसरून गेलंय उचला तो हिला बोलवा खाली आहे ती हिला बोलवा हाक मारा'

घड्याळजीला घड्याळाची उजवी बाजू दिसेनाशी होते! असलं सुचतं कसं माणसाला?

एक गंमत. 'थांबा बाई' म्हणाले तेव्हा टेबलावर एकदा वाजलं. अगदी हळू. मी पेन्सिल उचलून दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरं काही वाजलं नाही. मग ते पुढे बोलायला लागले, मीही पुढे घेतलं.

शेवटी डोळे मिटून गप्प झाले. मान एका बाजूला. एवढं दिल्यावर माणूस थकणारच. मी चपला हातात घेऊन बाहेर आले, दार ओढलं आणि खाली वहिनींना सांगितलं, "आज फार सुंदर झालं. झोप लागलीय, उठवू नका."

टाइप करताना एक चूक मात्र सापडली. घड्याळजीची बायको बाजारात गेलेली आहे आणि इथे 'खाली आहे ती' असं आलंय. पेन्सिलने बाजूला प्रश्नचिन्ह केलंय. उद्या विचारीन.

१४ मार्च

दार बंद. दुकान बंद. शेजारच्यांनी सांगितलं, काल दुपारपासून हॉस्पिटलात. वहिनी दुपारी साडेतीनला वर गेल्या तेव्हा ते खुर्चीतून कलंडलेले होते, डोळे उघडे.

पानं तशीच पिशवीत परत आणली.

१७ मार्च

डोक्यात गाठ आहे. डावीकडे. तेरा तारखेला तिच्यात रक्तस्राव झाला. अर्धी काढली, उरलेली काढता येत नाही. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द एकही नाही.

डॉक्टरीणबाई तरुण, भराभर बोलणाऱ्या. वहिनींना विचारत होत्या, हे कधीपासून, आधी काही जाणवलं होतं का, चुकीचे शब्द, विचित्र वास? वहिनी नुसती मान हलवत होत्या. वास हा शब्द ऐकताच मी पुढे झाले. मी म्हणाले, "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

संध्याकाळी टाइप केलेल्या पानांची माझ्याकडची प्रत नेऊन दिली. बाईंनी उभ्या उभ्याच चाळली आणि पेन काढून खुणा करत गेल्या. दूध, २१ जानेवारी. खिडकी, दातांची, ४ फेब्रुवारी. घड्याळाचा उजवा भाग, १३ मार्च, बारा वाजून दहा मिनिटं. ती वेळही मीच घातलेली. "इतकी व्यवस्थित नोंद घरचेसुद्धा ठेवत नाहीत," म्हणाल्या. कौतुकाने म्हणाल्या हो. वहिनी शेजारी बसल्या होत्या.

मग वहिनींनी विचारलं, "बारा दहालाच आणलं असतं तर?"

"गाठ तीच असती," बाई म्हणाल्या. "बोलणं कदाचित राहिलं असतं. साडेतीन तास फार होतात."

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, मी सांगत नव्हते? तिने उठून, गुडघे धरत धरत, चहा टाकला.

२९ मार्च

महाराज म्हणायचे, तुम्हीही असं लिहून बघा बाई, न थांबता, मध्ये उभं न राहता. बघते.

पेन चालू आहे काय लिहू नळ गळतोय ताई घोरतेय भर दुपारी मला माहीत नव्हतं हे खरं आहे मला माहीत नव्हतं डॉक्टर थोडीच आहे मी मला काय माहीत वास येणं म्हणजे काय पण नाक मुरडलं होतं त्यांनी मी पाहिलं होतं आणि भाजीचं नाव वहिनींनी विचारलं तेव्हा दोन महिने म्हणाल्या आणि मला आधी माझे दहा ते साडेबारा दिसले माझी खुर्ची दिसली परत ताईचं तोंड बघत बसायचं म्हणून बोलले पटकन म्हणून बोलले नळाचा वॉशर बदलायला हवा आणि बाजारात होती ती घड्याळजीची बायको बाजारात होती खाली नव्हती खाली वहिनींची मशीन चालू होती मला ऐकू येत होती तेव्हाच ऐकू येत होती खडखड आणि ते म्हणाले खाली आहे ती आणि माझ्या हाताला कळलं पेन्सिल अडकली होती त्या शब्दाशी वहीत अजून ठिपका आहे मोठा मी बघितलाय आणि एकदा वाजलं मी वर बघितलं नाही असं नाही मी बघितलं पापणीखालून बघितलं त्यांचा डावा हात उजव्या हाताला धरून उचलत होता आणि सोडत होता एकदा वाजला मग उचलेना ते माझ्याकडे बघत होते घड्याळजी नव्हता तो घड्याळजी तसा कधी बघत नव्हता आणि मी म्हटलं दोनदा ठरलंय दोनदा ठरलंय दोनदा

बास. हे तंत्र वाईट आहे. हात थांबतच नाही.

१८ एप्रिल

त्यांना घरी आणून आठ दिवस झाले. पाच-सहा महिनेच उरलेत असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी रोज दहाला जाते. पहिल्या दिवशी वहिनी दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बसा त्यांच्यापाशी. मला दुकान उघडायला हवं." तेव्हापासून बसते. तीच खोली, तेच टेबल. उजवी बोटं सुजल्यामुळे अंगठी आता डाव्या हातात घातलीय.

आज प्रकाशक आले. बाहेरच्या खोलीत डोळे पुसले, खरे पुसले. मग म्हणाले, "कादंबरी पूर्ण आहे. 'हिला बोलवा, हाक मारा', यापेक्षा मोठा शेवट कोणी लिहू शकत नाही. फक्त ते 'खाली आहे' तेवढं 'बाजारात आहे' करू, म्हणजे जुळेल. तुम्हीच प्रश्नचिन्ह केलंय ना बाई, शाबास, बारीक नजर आहे तुमची."

मी म्हणाले, "त्या शब्दाला हात लावलात तर पानं मिळणार नाहीत." आवाज इतका चढला की खालची मशीन थांबली. प्रकाशक घाम पुसत गेले.

२६ एप्रिल

एकतीस वर्षांत मी नोंदीत स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. काल रात्रभर विचार केला आणि सकाळी शेवटचं पान पुन्हा टाइप केलं. 'थांबा बाई थांबा'च्या पुढे कंसात, कोर्टात घालतात तसं, एक टिपण घातलं. कोणी सांगितलं नव्हतं.

(येथे सांगणाऱ्यांनी टेबल एकदा वाजवले. लिहून घेणारीने ते पाहिले. ती थांबली नाही.)

पान नेऊन वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी दुकानात उभ्यानेच वाचलं. परत वाचलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"वाजवलं होतं?"

"हो. एकदा."

"आणि मला म्हणालात, उठवू नका."

"हो."

गिऱ्हाईक आलं. वहिनींनी पान घडी न करता कात्रीखाली ठेवलं. "छापताना हे असंच राहू दे," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "वर जा तुम्ही. ते एकटे आहेत."

वर जाऊन बसले. त्यांना सांगावं वाटलं, पण कळतं किती कोण जाणे, आणि सांगून मला हलकं वाटणार, त्यांना काय? मी नुसतं म्हणाले, "सर, चुकलं माझं." ते समोरच्या टाक्यांकडे बघत होते.

बाराच्या सुमाराला अंगठी टेबलावर वाजली. एकदा.

मी दुसऱ्याची वाट पाहिली नाही. खुर्ची मागे पडली ती तशीच टाकून जिन्याकडे धावले आणि वाकून ओरडले, "वहिनी! वहिनी, वर या!" त्या तीन मजले धावत आल्या, गळ्यात टेप, हातात कात्री, छाती धपापत होती. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, चेहरा हातात धरला, डोळे बघितले, मग टेबलाकडे बघितलं.

काही झालेलं नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं. पेला मी त्यांच्या उजवीकडे ठेवला होता.